उभ्यानं उघडायचं पुस्तक

प्रिय आत्या,

तू गेल्यापासून हे पत्र टाळतोय. आधी म्हटलं तेरवी होऊ दे, मग म्हटलं तुझ्या पुस्तकांच्या दुकानाची घडी बसू दे, मग उमरखेडच्या ट्रकवर दोन खेपा मारून आलो. तुला माहीतच आहे, माझं बूड एका जागी टेकत नाही. आज लिहितोय, कारण माझ्या हातून चूक झाली आणि सांगायला दुसरं कोणी नाही.

परवा एक नवी डॉक्टरीण आली. परीक्षा पास, आता वर्षभर दवाखान्यात शिकायचं. अ‍ॅप्रन इतका कोरा की घडीच्या रेघा दिसत होत्या. औषधांच्या मात्रेचं खिशातलं पुस्तक पाहिजे म्हणाली. मी तुझ्यासारखंच आधी विचारलं, ड्युटी कोणत्या वॉर्डात? लहान मुलांच्या, सोमवारपासून.

मेडिकल कॉलेजच्या गेटसमोर किती वर्षं बसलीस गं तू! सातवी नापास बाई, पण कोणत्या डॉक्टरला कोणतं पुस्तक, ते तुलाच कळायचं. कोणी जाडजूड मागितलं की म्हणायचीस, "बापू, हे टेबलावरचं आहे. पेशंट काय टेबलापाशी येऊन राह्यला का?" मग पुस्तक अ‍ॅप्रनच्या खिशात घालायला लावायचीस. "दहा किलोचं लेकरू, ताप आहे. औषध किती? उभ्यानंच पाहून सांग." आणि वीसपर्यंत मोजायचीस. पान सापडलं नाही तर ते पुस्तक परत फळीवर! एकदा एक मोठे सर्जन गमतीनं बसले परीक्षेला आणि नापास झाले. त्यांचा चहा हसता हसता मीच सांडला होता, आठवतं?

असो. परवा मीही मोजलं. तिला बारालाच पान सापडलं. मी खूश. त्यात ती निघाली ढाणकीची, आणि मी ढाणकीच्या बाजारात महिनाभर पोती उतरवलेली. झालं, गप्पा सुरू. ती गेल्यावर, ज्या गठ्ठ्यातून पुस्तक काढलं तो नीट पाहिला. ते पुस्तक जुन्या आवृत्तीचं होतं. नवीन देताना तू लोकांकडून जुनी परत घ्यायचीस, रद्दीसाठी बांधून ठेवायचीस, त्यातलं. कव्हर मात्र कोरं. पान बरोबर सापडलं, पण त्यातल्या काही मात्रा आता बदलल्यात.

गठ्ठ्यावर साधी चिठ्ठी का नाही लावलीस गं? पण तुला कायले लागते चिठ्ठी! आणि शिकवायला तू दोनदा बोलावलंस तेव्हा मी सुरतेत होतो. पुढच्या महिन्यात येतो म्हणालो. दोन्ही वेळा.

काल होस्टेलवर गेलो. ती गावी गेलेली, फोन लागेना. रूमवरच्या मैत्रिणीजवळ निरोप ठेवला. आज सोमवार. हे पत्र संपवून वॉर्डाच्या दारात जाऊन उभा राहतो, वॉचमननं हाकललं तरी.

आत्या, शब्द देतो. यापुढे पुस्तक हातात देण्याआधी छापल्याचं साल बोट ठेवून दाखवीन. आणि कुठं जावंसं वाटलं, तर तुझ्याइतकं कळणारं माणूस इथं बसवल्याशिवाय जाणार नाही.

थांब, दुकानासमोर कोणी आलंय. धोतर, डोक्याला रुमाल, हातात तेच पुस्तक! म्हणतात, "डॉक्टरीणबाईचा बाप मी. पहाटेच्या गाडीनं आलो तिच्यासंगं. रूमवर तुमचा निरोप भेटला, अन् ती गेली वॉर्डात. यात पाहून अजून कोणाले औषध देल्लं नाही तिनं. नवं द्या भाऊ, नीट पाहून. लोकाईची लेकरं हायेत."

तुझा,
गजू