तो डाग बिब्ब्याचा नव्हता

प्रिय शालू,

तुझ्या आईला आज जालन्याच्या दवाखान्यात भरती केलं. ती आत आहे, मी बाहेर बाकड्यावर. मांडीवर कागद धरून लिहितोय, अक्षर वाईट येतंय. पण हे तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू?

सोयाबीन काढल्यापासून तिला ताप. परतूरच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी उतरायचा, पुन्हा चढायचा. काल तिला उभं राहवेना म्हणून न्हाणीत मी पाणी ओतत होतो. कंबरदुखीवर लावलेल्या बिब्ब्याचे तिचे जुने डाग तुला माहीतच आहेत. त्यांच्यात एक नवी काळी खपली!

"हा कधी लावला?"

"लावला असंल. म्हातारपणी माझी कंबर काय बघून राह्यले?"

"दुखतो का?"

"न्हाई. बिलकुल न्हाई."

मी तांब्या खाली ठेवला.

तूच सांगायचीस ना? बिब्बा उतला, फोड आला की आग होते. उंदरांच्या अंगावरून गवतात येणारा बारीक किडा चावला तर नुसती खपली धरते, दुखत नाही. बाया तिला बिब्बा समजून झाकतात आणि ताप डोक्यात जातो. एवढं शोधायला तू गावोगाव हिंडलीस, रक्ताच्या नळ्या बर्फात घालून नेल्यास, उंदरांच्या बिळाशी बसलीस. लोक म्हणायचे, "अण्णा, पोरगी डॉक्टर केली अन् उंदरं धरती व्हय?" मला मान वर करवत नसे. तुझा लेख इंग्रजीत छापून आला, त्यातलं तुझं नाव तेवढं मला वाचता आलं.

आणि तुझी स्वतःची कावीळ? "एवढी फेरी करून येते, मंग आराम," म्हणालीस. साऱ्या जिल्ह्याचा ताप बघितलास, आपलं अंग का नाही गं बघितलंस? त्या काविळीतच तू गेलीस, तो राग माझा अजून गेलेला नाही.

आज इथला तरुण डॉक्टर आला, तर तुझी आई लुगडं घट्ट धरून बसली. "परक्या पोराला कंबर दाखवू? माझी लेक असती तर दाखवली असती."

मी ओरडलोच. "लेक न्हाई म्हणूनच दाखव! तिनं दुसऱ्यांच्या आयांच्या हातापाया पडून हे शोधलं, अन् तिचीच आई झाकून बसती?"

तिनं लुगड्यावरची मूठ सोडली. मग भिंतीकडं तोंड करून कुशीवर वळली.

डॉक्टरनं पाहिलं आणि लगेच सिस्टरला हाक मारली. औषध सुरू झालंय. "काका, उशीर झालाय. पण वाट बघू," म्हणाला. तिचा श्वास अजून जोरात चाललाय. वाचेल ना गं?

तुला शब्द देतो. ती उठली की गावात जिथं ताप असेल तिथं तिला घेऊन जाईन. ती आत जाऊन बायांना खपलीचं विचारील, मी दाराबाहेर उभा राहीन. लोक हसले तरी राहीन.

तोवर तिला हाक मारू नकोस, शालू. तुझ्या हाकेला ती लगेच उठून येते.

तुझा बाप,
अण्णा