मशीनमधला रविवार

आबा,

दादाचं गेमचं मशीन मी ऑफिसला घेऊन जातेय. घरभर शोधत बसू नका. कुकर लावलाय, बीपीची गोळी जेवल्यावरच घ्या.

सकाळी चार्जिंगला लावताना मी ते चालू केलं आणि त्यातली तारीख बघितली. रविवार, आठ जून. त्यात घड्याळाचा सेल नाही. दादाने स्वतः टाकलेली लिनक्स सिस्टीम वेळ नेटवरून घ्यायची. तो गेल्यावर आपण टेंभी नाक्याचं घर सोडून आंबिवलीला आलो, आणि इथलं वायफाय त्याला कुणी जोडलंच नाही. त्यामुळे बंद केलं की त्याची वेळ थांबते, चालू केलं की तिथूनच पुढे सरकते. दादाने ते शनिवारी रात्री बंद केलेलं. तुम्ही रोज दुपारी पाच-दहा मिनिटं खेळायचात. एवढ्या महिन्यांत मशीनमध्ये एकच रात्र सरलीय.

तुमच्या हे लक्षात आलंय ना? हल्ली तुम्ही ते चालू करता, वरचा कोपरा बघता आणि लगेच बंद करता. मला वाटायचं, कंटाळलात.

वायफाय जोडलं की ते थेट आजच्या तारखेवर येईल. मी पासवर्ड टाकायला घेतलेला. अर्धा टाकून सोडून दिला. त्यात एक मिनिट गेलं, त्याबद्दल सॉरी.

आता त्यात सकाळचे आठ पन्नास झालेत, म्हणून बंद करून सोबत नेतेय. त्या रविवारी दादा नऊला खडवलीच्या नदीवर पोहायला घरातून निघालेला.

अमृता