आत्याबाई, मी मेज झाले

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
रविवार

आदरणीय आत्याबाई,

मेघाचा सविनय जय भीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? हॉटेलातला नवा आचारी टिकला का, की तोही तुमच्या बोलण्याला कंटाळून लेण्यांच्या पार्किंगमध्ये टोप्या विकायला बसला? (हे गमतीनं लिहिलंय. राग येणारच असेल तर आत्ताच येऊ द्या, म्हणजे पुढच्या मजकुरासाठी शिल्लक राहणार नाही.) इकडं आम्ही दोघं खाऊनपिऊन आहोत. फोनवर सांगितलं असतं, पण आमचं घर केवढं ते तुम्ही पाहिलंय. अण्णांना गॅसवरचं दूध उतू गेलेलं ऐकू येत नाही, स्वतःचं नाव मात्र बंद दारातून ऐकू येतं. म्हणून पत्र.

विषय असा की मी मेज झाले आणि त्यात तुमच्या भावाचं मन मोडलं.

मेज म्हणजे टेबल नव्हे. अण्णांनीही आधी तेच विचारलं होतं. हे इंग्रजी मेज म्हणजे जादूगारीण. आम्ही मोबाईलवर एक गेम खेळतो, हे तुम्हाला ठाऊक नसणार. त्यात राक्षसांचा मुलूख आहे आणि आपण टोळी करून त्यात शिरायचं असतं. टोळीत प्रत्येकाचं काम ठरलेलं. एकानं ढाल घेऊन पुढं उभं राहायचं आणि मार खायचा, एकानं लांबून बाण मारायचे, एकानं मागं थांबून जखमी माणसाला औषध द्यायचं. आई गेल्यापासून अण्णा संध्याकाळी भिंतीकडं बघत बसायचे. आमच्यात बोलणं एवढंच, की भाजीत मीठ आहे का, आणि आहे. एक दिवस माझ्या मोबाईलमध्ये डोकावून म्हणाले, "हे कोण मरायलंय?" मी त्यांच्या फोनवरही गेम टाकून दिला. काम कोणतं घेता विचारलं तर म्हणाले, पुढं उभं राहायचं. नाव टाकलं ‘कडुबा फिटर’. (वाळूजच्या कंपनीतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण राक्षसांनाही कळलं पाहिजे.) बाण मारायला माझी मैत्रीण आमरीन होती, जिच्या वडिलांचं शहागंजात कापडाचं दुकान आहे ती. आणि औषध द्यायला मी.

आत्याबाई, ते दिवस लई चांगले गेले, हे मला आता कळतंय. जेवणं झाली की आम्ही दोघं पलंगाच्या दोन कडांना बसायचो. अण्णा ढाल लावून उभे राहायचे, चार तडाखे खायचे आणि मान न वळवता म्हणायचे, "मेघे, मरायलो बघ." मी औषध टाकायचे. ते "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये किती काय होतं ते मी तेव्हा मोजलं नाही. राक्षस पडला की मग ते कंपनीतल्या गोष्टी सांगायचे, आईनं एकदा डब्यात नुसतंच लोणचं भरून दिलं होतं ती गोष्ट सांगायचे. ती मी आधी कधीच ऐकली नव्हती.

मग मला अवदसा आठवली. तुम्हाला माहीत आहे, मी दिवसभर मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. याचं पोट, त्याची कंबर, एकाला गोळी पिवळीच पाहिजे कारण मागची पांढरी लागू पडली नाही. घरी येऊन परत औषधच. आमरीननं एक बाण नीट मारला की सगळे वाहवा करायचे, आणि मी टोळी जगवली तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. कुणी मेलं तर मात्र माझं नाव. त्यात गेममध्ये कसलासा उत्सव आला आणि काम बदलायची मुभा मिळाली. एकदा बदललं की बदललं, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं. मी गिऱ्हाइकांना रोज ओरडते की बाटलीवरचं वाचत जा, आणि स्वतः न वाचता ‘होय’ दाबलं. अंगावर जांभळा झगा आला, हातातून आग निघायला लागली. आमरीन म्हणाली, असं कापड मिळालं तर मी पण शिवून घेते. मला वाटलं, आता जरा माझ्याकडं बघतील.

बघितलं. पहिल्याच लढाईत अण्णा लाकडी पूल ओलांडून पलीकडं गेले, तीन राक्षस त्यांच्यावर आले. मी आग सोडली. (आपल्या माणसाला आपली जादू लागत नाही. पुलाला लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं.) पूल जळाला. अण्णा तिकडं एकटे, आम्ही दोघी इकडं. अण्णा म्हणाले, "मेघे, मरायलो बघ." माझं बोट सवयीनं औषधाच्या बटणावर गेलं. तिथं आता बर्फ होता. मी बर्फ टाकला. अण्णा "हं" म्हणाले नाहीत, कारण ते मेले होते.

औषधासाठी मग आम्ही जबलपूरचा एक अनोळखी माणूस टोळीत घेतला. भला होता बिचारा. पण अण्णा त्याच्यापासून पळायचे. ओळख ना पाळख, त्याच्या हातचं का म्हणून घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. राक्षस पुढं, जबलपूर मागं आणि मधे कडुबा फिटर सैरावैरा, असा देखावा आम्ही आठवडाभर पाहिला. शेवटी त्यांनी डोळे दुखतात म्हणून फोन कपाटावर ठेवला. आता ते पुन्हा भिंतीकडं बघतात. भाजीत मीठ आहे का, आहे. मी पुन्हा औषधवाली व्हायला तयार आहे, पण गेम होऊ देत नाही. झगा अंगावर आहे आणि आग लावायला कुणी शत्रू राहिला नाही.

तर तुम्ही त्यांना फोन करून रागवा. मोठी बहीण म्हणून तुमचं ते ऐकतात. खेळायला बस, एवढंच म्हणा. माझं नाव घेऊ नका.

तुमची,
मेघा

ता. क. पाकीट चिकटवायचं राहून गेलं आणि परवा आमरीन येऊन गेली, म्हणून हे वाढवते. ती म्हणाली, "अंकल रोज आते दुकानपे, तेरेकु मालूम नै?" अण्णा दुपारी पाय मोकळे करायला म्हणून जातात ते कपाटावरचा फोन खिशात घालून शहागंजात तिच्या दुकानी जाऊन बसतात, आणि गठ्ठ्यांच्या मागं गेम शिकतात. काम एकदाच बदलायची त्यांची मुभा शिल्लक होती, ती वापरून त्यांनी ढाल सोडली. ते औषधवाले झालेत. मी विचारलं, अण्णा, असं का केलं? ते म्हणाले, "तू दिवसभर लोकायला औषध देती. तुला कोण देतंय?" मी भाजी ढवळत राहिले. आत्याबाई, त्यांना ती ढाल फार आवडायची. काल बाजारात कुणा परक्याच्या हातातली ढाल ते नुसते बघत उभे होते, गेममधल्या बाजारात. ते मला अजून दिसतंय.

ता. क. दुसरा, चार दिवसांनी; पाकीट अजून इथंच आहे. म्हणजे फोन करून रागवायची गरज नाही. आम्ही रोज खेळतो आणि रोज मरतो. अण्णा मला ओरखडा उठला तरी सगळं औषध एकदम ओततात, मग लागतं तेव्हा उरत नाही, आणि पुढं उभं राहायला कुणीच नाही. आम्हाला असं माणूस पाहिजे जे मागं सरणार नाही. तुमच्या हॉटेलासमोर बस आडवी लावणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही कशी ती मागं घ्यायला लावली, ते मी पाहिलंय. तुमचा नवा फोन चांगला मोठ्या स्क्रीनचा आहे. गुडघ्याला काही त्रास नाही, बसूनच खेळायचं. नाव काय टाकू तेवढं कळवा. अण्णा म्हणतात, खरं नाव नको टाकू, चंपाबाई येणार कळलं तर राक्षस यायचेच नाहीत.