मरोळला तुमच्याबद्दल बोलले ते

बाबा, मागच्या शनिवारी मी मरोळला गेले होते. तुमचा कारखाना होता त्या जागी आता काचेची इमारत आहे, आणि तिथल्या सभागृहात श्रम आणि विषमता या विषयावर जाहीर चर्चा होती. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, पण बोलावलं होतं ते कामगाराची मुलगी म्हणून. आयोजक बाई फोनवर म्हणाल्या, "वडिलांची गोष्ट सांगा मॅडम, फक्त शेवट पॉझिटिव्ह ठेवा ना." तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

संशय घेणं मी तुमच्याकडूनच शिकले. मी चौथीत असतानाचा दसरा. यंत्रांना झेंडूच्या माळा, आम्ही पोरं नवे कपडे घालून कारखान्यात. मोठे साहेब मला स्टुलावर उभं करतात, हातात माईक देतात, आणि मी म्हणते की हा कारखाना म्हणजे आमचं दुसरं घर. सगळे खूश. साहेब मला रंगपेटी देतात. परतताना चाळीच्या तोंडाशी आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "कोणी बोलूक सांगल्यान, तर कशाक सांगल्यान, ता आधी बघूचा." मला रडू आलं. रंगपेटी मात्र तुम्ही काढून घेतली नाहीत. दिवाळीनंतर निम्मी माणसं कमी केली आणि पुढचा दसरा यायच्या आत फाटकाला कुलूप लागलं.

शनिवारी मी ठरवूनच गेले होते, शेवट गोड करायचा नाही. कुलूप सांगितलं, जमीन कशी विकली गेली ते सांगितलं, ते सगळे बसले होते तिथेच तुमचं प्रेस मशीन होतं हेही सांगितलं. वाटलं होतं, लोक चुळबुळ करतील. तर अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. नंतर चहाच्या वेळी, ज्या कंपनीने कार्यक्रमाचा खर्च केला तिचे एक गृहस्थ जवळ आले. डोळे ओले. आमच्या पवईच्या ऑफिसातही असंच बोला, म्हणाले. मी विचारलं, तुमच्याकडे सफाईची माणसं कायम आहेत की कंत्राटी? "तो वेगळा विषय आहे," ते हसून म्हणाले आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढे केली.

तेव्हापासून मला त्या ओल्या डोळ्यांचाच संशय येतोय. आमचा राग असा मन लावून ऐकून घेतला की पुढे काही बदलावं लागत नाही, असं तर नसेल? आईला सांगितलं तर ती म्हणाली, बापावर गेलीयस अगदी.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून सांगते. लोक उभे राहिले ते माझ्या शेवटच्या वाक्याला. मी म्हणाले होते, कुलूप लागलं त्या दिवशी माझे वडील फाटक धरून रडले. तुम्ही रडला नव्हतात, बाबा. घरी येऊन आंघोळ केलीत, जेवलात, आमटी चांगली झालीय असं आईला म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात. सभागृहात एवढं सांगून भागेल, असं मला वाटलं नाही.