निसटूच्या जागची बादली

प्रिय निसटू,

(हे नाव पाकिटावर तरी घालू नका, असं तुझ्या ताईने बजावलंय. पाकिटावर तुझं खरं नाव आहे. आत सवयीने हेच उतरलं. रागावू नकोस.) तुझी पाठ कशी आहे? झोप लागते का? आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे माझा डावा गुडघा, तुझ्या ताईचा खोकला आणि वरच्या मजल्यावरून गळणारा पाइप एवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही. आता चौकशी संपली असं समज, कारण मला दम निघत नाहीये. येत्या रविवारी आपण जुने आठजण पुन्हा एकदा विमानातून उड्या मारून, हवेत हात धरून गोल करणार आहोत. आठजण म्हणालो खरा, पण आहोत सात. आठवा तू. तू येशील की नाही, या एका काळजीने मी आठवडाभर रात्री उठून कॅलेंडर बघतोय. आणि तू येशील असं मनात आलं की ती काळजी कमी व्हायच्या ऐवजी वाढतेच, ते का ते पुढे बघू.

ही सगळी भानगड बेकरीवाल्याची. तो पासष्टचा झाला, बेकरी मुलाच्या ताब्यात दिली आणि रिकामा बसला. रिकाम्या माणसाला काहीही सुचतं. (तुला आठवतच असेल, जड माणूस हवेत भराभर खाली जातो, म्हणून तो सगळ्यांत आधी उडी मारून हातपाय पसरून राहायचा आणि आपण एकेकाने येऊन त्याला मिळायचं. आता तो इतका भरलाय की त्याला गाठायला आपल्याला आदल्या दिवशी निघावं लागेल.) क्लबवाल्यांनी अट घातली की प्रत्येकाने डॉक्टरचा दाखला आणायचा आणि महिनाभर आधी दोन सरावाच्या उड्या एकट्याने मारायच्या. आपल्यातली भूल देणारी डॉक्टरीण आहेच, तिने सगळ्यांचा रक्तदाब घेतला. माझा तीनदा घेतला. तिन्ही आकडे तिने कागदावर लिहिले, माझ्याकडे बघितलं आणि चौथ्यांदा पट्टा गुंडाळला. सरावाच्या पहिल्या उडीला मी विमानाच्या दारात उभा राहून तिथल्या पोरगेल्या प्रशिक्षकाला विचारलं, की आज वारा जरा जास्तच आहे ना? तो म्हणाला, "काका, विमान चालू आहे, वारा असणारच." मग मी उडी मारली.

मग जमिनीवरचा सराव. गॅरेजमध्ये गाडीखाली शिरायला चाकं लावलेली फळी असते ना, तशा आठ फळ्या बेकरीवाल्याने कुठून तरी पैदा केल्या आणि आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये आम्ही सातही म्हातारे त्यांच्यावर पालथे पडलो. वरच्या सगळ्या खिडक्यांत माणसं. एका बाईने तर रुग्णवाहिका बोलवू का म्हणून वरूनच विचारलं. पालथं पडून, मान वर करून, हातांनी फरशी ढकलत एकमेकांकडे सरकायचं आणि मनगटं धरायची. हे आपण तिशीत करायचो तेव्हा मान परत जागेवर जायची, आता ती वरच राहते. पहिल्या फेरीत बेकरीवाल्याची फळी उतारावरून सुटली ती थेट फाटकापर्यंत, आणि रखवालदाराने त्याला गाडी समजून फाटक उघडलं. (तिथून पुढे रस्ता आहे. पण तो सुखरूप आहे, कोपर तेवढं सोलवटलंय.) तुझ्या जागी, माझ्या डाव्या हाताला, तुझ्या ताईने धुण्याची लोखंडी बादली ठेवली. मी बादलीचा कान धरला. तर ही सगळ्यांसमोर म्हणते कशी, "धरा नीट, आमच्या धाकट्याने सोडला तसा सोडू नका." सगळे खो खो हसले. मी पालथाच होतो, त्यामुळे माझं तोंड कुणाला दिसलं नाही.

खरं सांगू का, या सरावात मला उडीपेक्षा तीच जास्त आठवते, तुझी थाप. विमानात रांगेने उभं राहायचं, मागच्याने पुढच्याच्या पाठीवरच्या पॅराशूटच्या पिशवीची पिन तपासायची आणि सगळं ठीक असेल तर खांद्यावर दोनदा थोपटायचं. अकरा वर्षं तू माझ्या मागे उभा होतास. तेव्हा तू नुसता मित्र होतास, मग माझ्या लग्नाने मेव्हणा झालास, पण थाप तीच राहिली, पहिली हलकी आणि दुसरी जरा जोरात. उडी मारायच्या आधी मला भीती वाटायची हे फक्त तुला ठाऊक होतं, आणि तू कधी कुणाला बोलला नाहीस. अजूनही रांगेत कुणाचा हात खांद्याला लागला की मी मागे वळून बघतो. परवा बँकेत असाच वळलो आणि एका परक्या माणसाला हसून दाखवलं. तो बिचारा रांग सोडून गेला. मला तुझी फार आठवण येते, बाबा. हे तोंडावर मला कधी बोलता आलं नसतं.

आणि तो दिवस. सारखा टाळतोय, पण त्याच्याशिवाय हे पत्र पुढे सरकत नाही. स्पर्धेत आठ सेकंद गोल टिकला की पहिला नंबर आपला होता. सहाव्या सेकंदाला तुझ्या-माझ्यामधली पकड सुटली आणि सगळे आठजण पत्त्यांसारखे विखुरले. तुझं मनगट आदल्या वर्षी मोडलं होतं, त्यामुळे तुझाच हात निसटला हे सगळे न विचारता धरून चालले. तूही धरून चाललास. उतरल्यावर एकेकाजवळ जाऊन तू माफी मागितलीस. माझ्याजवळ आलास तेव्हा मला शब्द फुटेना. डाव्या हाताची मूठ मी आवळून धरली होती, कुणी किती सांगितलं तरी उघडली नाही. डॉक्टरीण म्हणाली, धक्का बसलाय त्याला, मित्राचा हात अजून सोडवत नाहीये. त्यावरून मला पक्कड नाव पडलं आणि तुला निसटू. एकोणीस वर्षं झाली. त्यानंतर तू गोलात कधी आला नाहीस. ऐकतो की आता दुसऱ्या क्लबात नवीन मुलांना शिकवतोस, उड्या चिकार मारतोस, पण एकट्याने. कुणाचा हात धरत नाहीस. आमच्याकडे येतोस तेव्हाही बूट न काढता दाराजवळच्या खुर्चीत बसतोस आणि चहा अर्धा टाकून उठतोस. तुझी ताई मग दोन दिवस माझ्याशी चांगलं बोलते आणि माझा हात सोडलास म्हणून तुझ्यावर चिडलेली असते, आणि हे मला सहन होत नाही.

आता एक नवीनच संकट. डोक्याला कॅमेरा बांधून आपल्या वर तरंगणारा फोटोग्राफर आठवतो? त्याला माळ्यावर त्या दिवसाची फीत सापडलीय. तेव्हा परीक्षकांनी ती वीतभर पडद्यावर बघितली होती; त्यात एवढंच दिसलं की दोन हात लांब गेले आणि माझा डावा हात तोंडावर गेला. (बिचारा पक्कड हबकला, असं सगळे म्हणाले.) आता हा गृहस्थ ती साफसूफ करून शनिवारी संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये भिंतभर मोठी दाखवणार आहे, सगळ्यांना, आपापल्या बायकामुलांसकट. मी म्हटलं, जुनं कशाला उकरायचं? तर म्हणाला, दातसुद्धा मोजता येतील इतकं स्वच्छ दिसेल. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. असो. पत्र फार लांबलं. तू ये. आलाच पाहिजेस असं नाही, पण ये.

तुझा,
पक्कड

ता. क. : तुझी ताई म्हणते, मुक्काम इथेच कर. तिने पाहुण्यांची गादी उन्हात टाकलीय. ही तुझ्यासाठी नाही, गादीला वास येत होता म्हणून, असं तिने मला तीनदा सांगितलं.

ता. क. दुसरा : एक सांगायचं राहिलं. तू येतोयस असं मी सगळ्यांना आधीच सांगून टाकलंय. तुझ्या नावाने क्लबात अर्जही भरला, सही तेवढी बाकी आहे. डॉक्टरीण आनंदाने रडली, त्यामुळे आता माघार घेता येणार नाही.

ता. क. तिसरा : हात मी सोडला. तुझं मनगट अगदी शाबूत होतं. त्याच्या पंधरवडाभर आधी मी पुढच्या चार दातांची कवळी बसवली होती. घरी माहीत होतं, तुमच्यात कुणाला नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी कवळी म्हणजे तुम्ही मला जगू दिलं नसतं. वर हवेत बेकरीवाल्याचे गाल वाऱ्याने कानांपर्यंत फडफडत होते, तू त्याच्याकडे बघून मला डोळा मारलास आणि मी हसलो. तोंड उघडल्याबरोबर कवळी सुटली. मी तुझ्या हाताला हिसडा देऊन माझा हात ओढून घेतला आणि ती ओठांपाशीच पकडली. नंतर ज्या मुठीचं इतकं कौतुक झालं, त्या मुठीत तू नव्हतास, दात होते. शब्द फुटत नव्हता तोही त्यामुळेच. संध्याकाळी सांगू म्हटलं, संध्याकाळपर्यंत तुला नाव पडलं होतं. मग उद्या सांगू, मग रविवारी सांगू, असं करत एकोणीस वर्षं गेली. मी भित्रा आहे रे, उडीच्या बाबतीत होतो त्याहून जास्त. आणि फितीच्या धाकाने लिहितोय असं समजू नकोस. फितीच्या धाकानेच लिहितोय.

ता. क. चौथा : आत्ताच फोटोग्राफरचा फोन आला. फितीला बुरशी लागलीय. विमानाचं दार उघडेपर्यंत दिसतं, पुढे नुसते पांढरे ठिपके. म्हणजे आता कुणालाच कधी काही कळणार नाही. पाकीट अजून उघडं आहे. तिसऱ्या ता. क. चा कागद वेगळा आहे, तो काढून घेतला तरी पत्र पुरं वाटतं, हे मी दोनदा वाचून बघितलं. टेबलाभोवती चार फेऱ्या मारल्या. मग आत गेलो आणि तोच कागद तुझ्या ताईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाली, "माझ्या सख्ख्या भावाशी मी एकोणीस वर्षं तुटक वागले, तुमच्या चार दातांपायी." दाराजवळच्या तुझ्या खुर्चीपाशी ठेवलेली ती सरावाची बादली उचलून तिने मोरीत नेऊन आदळली आणि येताना डिंकाची बाटली घेऊन आली. पाकीट तीच चिकटवणार आहे, माझ्यावर तिचा भरवसा नाही.

रविवारी माझ्या मागे उभा राहा, पिन तपास आणि जमलं तर थोपट. नाही थोपटलंस तरी मी उडी मारीन. वर माझा डावा हात तेवढा धर. दात घरी ठेवून येतोय.

तुझा,
निसटू