मेजाखालची खसखस

नाना, तुमचं उतरतं मेज आता घरात नाही. हे तुम्हाला ते असतानाच, त्याच्यावरच कागद ठेवून लिहायला हवं होतं. आता स्वयंपाकघरात मांडीवर पाट घेऊन लिहिते आहे.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. मी इथे डोंबिवलीतच लहान मुलांच्या शाळेत शिकवते, आणि मला जे काही येतं ते त्या मेजावरच आलं. दम्यामुळे मला शाळेत घातलं नव्हतं, म्हणून ठाण्याच्या कचेरीत जाण्याआधीचा तास तुम्ही मला द्यायचात. न्हाणीत बंब पेटलेला असायचा, आई पोळ्या लाटत असायची, आणि मी पाटीवर भागाकार मांडायची. एकदा बाकी जुळेना, तेव्हा तुम्ही आंघोळ करून यायच्या आत मी सगळं पुसून टाकलं. तुम्ही ती ओली पाटी खिडकीशी नेऊन उजेडात धरलीत. ओरडला नाहीत. "पुसलंस म्हणून चूक गेली का गं? आता ती मला दुरुस्तही करता येणार नाही," एवढंच म्हणालात. मार खाल्ला असता तर मी विसरले असते.

त्याच सुमाराला खिडकीच्या फळीला कीड लागली होती. तुम्ही पेन्सिलीच्या टोकाने फळीवर ठकठक करून दाखवलंत. एका ठिकाणी आवाज भरीव, हातभर पुढे पोकळ. मातीतली वाळवी भिंतीवर मातीची रेघ काढत येते, ती दिसते, तुम्ही सांगत होता. ही मात्र कोरड्या लाकडातच जन्म काढते, हिला माती लागत नाही, पाणी लागत नाही. बाहेर टाकते ते एवढंच. तुमच्या तळहातावर तांबूस, खसखशीसारखे दाणे होते. मी नाक जवळ नेलं तसा तुम्ही हात मागे घेतलात. "याची खीर नाही करायची हं!" आणि दुसऱ्याच दिवशी ती फळी काढून बंबात घातलीत.

यंदा चैत्रात आईने मेजाच्या वरच्या सपाट पट्टीवर गव्हाचा डबा ठेवला आणि डबा फळीतून खाली गेला. वरचं लाकूड पापडासारखं फुटलं, आत नुसत्या पोकळ घळी आणि दाणे. कल्याणहून म्हातारे सुतारबाबा आले. त्यांनी उकिडवं बसून चिमूटभर दाणे बोटांत चोळले. "भुंगा असता तं पीठ परला असता. ही वालवी हाय. वयनी, लाकूड नाय ऱ्हायला, निस्त्या वार्निशानं धरून ठेवलाय."

"काही उपाय?" आईने विचारलं.

"बंबात घाला. पानी तरी तापेल."

"दसऱ्याला पाटी मांडून हळदकुंकू वाहतो आम्ही याच्यावर! तुमच्या घरी जाळा असलं."

"माझ्या घरी नको. माझ्या घरी अजून लाकूड हाय," ते हसून म्हणाले. मग गंभीर झाले. बाजूच्या दाराच्या चौकटीला कान लावून त्यांनी ठोकून पाहिलं. "हितं अजून भरीव वाटतंय. पन ह्यात शिरली तं वर आढ्यापातुर जाईल. किती दिसांपासून खाली परतात हे दाने?"

"आम्ही तर आजच पाहिले," आई म्हणाली. मी शेणगोळ्याने जमिनीची पोपडा निघालेली जागा बुजवत होते, तशीच बुजवत राहिले.

मी हट्ट धरला म्हणून त्यांनी प्रयत्न केले. शिवणयंत्राच्या तेलाच्या कुपीने एकेका भोकात रॉकेल सोडलं, वर मेण लावलं. हिवतापवाले डासांसाठी घरात मारतात ती पांढरी पावडर फटींत भरली. वैशाखातलं ऊन दिलं. खाली कोरा कागद पसरून मी रोज पाहायची. पाच दिवस कागद कोरा राहिला, सहाव्या दिवशी कोपऱ्यात सात दाणे. रॉकेलच्या वासाने मला पुन्हा धाप लागायला लागली, तेव्हा आईनेच ठरवलं की पूजेची वस्तू जाळायची नाही, गणपतीसारखी पाण्यात सोडायची.

टांग्यातून मेज खाडीवर नेलं. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, दही घातलं, आणि आम्ही दोघींनी गुडघाभर पाण्यात जाऊन ते सोडलं. ते बुडेना. पाय वर करून गोल फिरत राहिलं. मी हाताने दाबलं की बुडबुडे यायचे, सोडलं की वर यायचं. शेवटी ओहोटीने ते हळूहळू ओढून नेलं. खूप लांबपर्यंत दिसत होतं.

"बुडत का नाही गं?" आई म्हणाली.

"पोकळ झालंय आई."

"पण इतकं कधी झालं? तू तर रोज त्याच्याखाली झाडतेस."

ती सहज म्हणाली, नाना. मी पदर पिळत राहिले.

पहिले दाणे मी गेल्या दसऱ्याला पाहिले, पाटी उचलताना. ओळखलेही त्याच क्षणी. सांगितलं असतं तर तुम्ही खिडकीच्या फळीचं केलंत तेच मेजाचं करावं लागलं असतं. म्हणून आई उठायच्या आत मी झाडून घ्यायची, रोज, सहा महिने. वेळीच सांगितलं असतं तर एखादा पाय कापून, एखादी फळी बदलून ते कदाचित वाचलं असतं, हे मला कोणी सांगायला नको. शाळेत पोरींनी पाटी पुसली की मी रागावते.

हे पत्र टाकायला पेटी नाही. वाचायचं तर आईने वाचायला हवं, आणि तिला दाखवायचं धैर्य माझ्यात नाही. आज सकाळी दाराच्या चौकटीखाली दाणे होते, दहा-बारा असतील. आई देवापाशी बसली होती. तिची घंटा थांबायच्या आत मी केरसुणी फिरवली.