मायाच्या नंबरला लावलेला आवाज

१ जानेवारी २००८, मंगळवार

ही डायरी बेअरिंगच्या सप्लायरने दिली. स्टोअरमध्ये तीन आल्या होत्या. एक साहेबांनी घेतली, एक साहेबांच्या मेव्हण्यासाठी गेली, उरलेली माझी. म्हणजे कंपनीत माझा नंबर तिसरा.

संकल्प: रोज लिहायचं. तंबाखू बंद. आणि मुख्य म्हणजे मार्चअखेर फोनमध्ये पाचशे विनोदी आवाज जमवायचे. सध्या एकशे चाळीस आहेत. नवीन फोनला एक गिगाचं कार्ड बसतं, जागेची अडचण नाही. माणसाने एका तरी विषयात पुढे असावं.

४ जानेवारी, शुक्रवार. सुट्टी.

डायरीत दोन दिवसांचा खंड. डायरीचा दोष नाही, पेन सापडत नव्हतं.

उल्हासनगरला कॅम्पात वासूभाईकडे जाऊन आलो. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि भिंतभर मोबाईलची कव्हरं. पण त्याच्या कॉम्प्युटरमध्ये 'कॉमेडी' नावाचा जो फोल्डर आहे, तो बघितला की माणूस जेवायचं विसरतो. घोरणारा म्हातारा, उचकी लागलेलं पोर, भांडणाऱ्या बदकांची जोडी. वासूभाई म्हणाला, "साईं, इतना माल पूरे कॅम्प में किसी के पास नहीं." साठ आवाज भरून घेतले.

घरी येऊन एकेकाच्या नंबराला आवाज लावले. हेमचंद्र साहेबांना घरंगळणारा रिकामा डबा. बदलापूरच्या मेव्हण्याला, म्हणजे आकाशला, चालू न होणारी स्कूटर. मायाला म्हैस.

इथे स्वतःसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. माझ्या बायकोचा आवाज जाड आहे आणि म्हैस रेकते, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. म्हैस फोल्डरमध्ये सगळ्यात वर होती. शाळेत मायाला पोरी 'ए बुवा' म्हणायच्या, तेव्हापासून ती चारचौघांत बोलत नाही, विहारात वंदनेच्या वेळी नुसते ओठ हलवते, हे मला माहीत आहे. माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

रात्री तिने विचारलं, मला काय लावलंत? सरप्राईज म्हटलं. खूश झाली.

९ जानेवारी, बुधवार

आमची पद्धत अशी: सव्वापाचला माया मिस्ड कॉल देते. एक रिंग म्हणजे निघा, चहा ठेवते. दोन रिंग म्हणजे येताना भाजी आणा. तीन झाल्या तर उचला. चार वर्षांत तीन कधी झाल्या नाहीत.

आज दोनदा रेकली. पॅकिंगमधून नाथा पळत आला आणि म्हणाला, "वैनी आज लय तापल्यात वाटतं." अख्खं स्टोअर हसलं. सहा वर्षं मी तिथे स्पेअर पार्ट देतोय, अर्ध्या लोकांना माझं नाव ठाऊक नव्हतं. आता सव्वापाच वाजले की माझ्या टेबलाभोवती सात-आठ जण थांबतात. नाथा तर घड्याळ बघून येतो.

भाजी राहिली. वरण-भातावर भागवलं. तंबाखू उद्यापासून.

१७ जानेवारी, गुरुवार

आजचं लिहायलाच हवं असं नाही. तरी लिहितो.

डबा घरी विसरलो. माया रिक्षाने आनंदनगरला कंपनीत आली, एवढ्या लांब, आणि स्टोअरच्या शटरपाशी उभी राहून तिने फोन लावला. मी आत रॅकवर चढलो होतो. फोन टेबलावर. म्हैस रेकायला लागली. एकदा. दोनदा. तीनदा. वेळ सव्वापाचची नव्हती म्हणून लोकांना जास्तच मजा आली. नाथाने फोन उचलून सगळ्यांना दाखवला, "आली रे म्हैस, आज दुपारीच सुटली!" कोणीतरी 'हुर्र हुर्र' केलं. मी खाली उतरलो तेव्हा माया शटरजवळ होती. फोन कानाला. तिने सगळं बघितलं होतं.

मी काय केलं ते लिहितो. मी हसलो. सगळे हसत होते, एकट्याने गंभीर राहणं बरं दिसत नाही.

मायाने डबा वजनकाट्यावर ठेवला आणि गेली. काट्याने एक किलो दोनशे दाखवलं. नाथा नंतर म्हणाला, "भावा, वैनी बाहेर आहेत हे आपल्याला काय माहीत?" बरोबर आहे. चूक कोणाचीच नाही.

डब्यात वांग्याचं भरीत होतं. संपवलं नाही.

१८ जानेवारी, शुक्रवार. सुट्टी.

माया बदलापूरला गेली. आईला बरं नाही म्हणाली. सासूबाई, म्हणजे भिमाबाई, परवाच दळणाचा डबा डोक्यावर घेऊन जाताना दिसल्या, असं बदलापूरला जाऊन आलेले शेजारचे सांगत होते. आजार काय, सांगून येतो का?

तिने चार साड्या नेल्या. चार साड्या म्हणजे चार दिवस. मंगळवारी येईल.

२२ जानेवारी, मंगळवार

आली नाही. साड्या धुवून पुन्हा नेसता येतात, हे हिशोबात धरलं नव्हतं.

मिस्ड कॉलही नाही. बदलापूरला नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार, त्यात लोडशेडिंग. तिचा फोन चार्जच होत नसेल. मी लावला तर पूर्ण वाजून बंद झाला. म्हणजे चार्ज असावा. पण ऐकू गेला नसेल.

म्हैस काढली. तिच्या नंबराला कोकिळा लावली. वासूभाईने फुकट दिली, कॉमेडीत बसत नाही म्हणून पडून होती. आता फक्त तिने फोन करायचा अवकाश.

२६ जानेवारी, शनिवार

कोकिळा जरा पातळ वाटली. काढली. बासरी लावली. दुपारी बासरी काढून विहारातल्या घंटेसारखा एक आवाज मिळाला तो लावला. खोल आहे, छातीत घुमतो.

वाजतो कसा ते ऐकायला तिच्याच नंबरावरून फोन यायला हवा. म्हणून आकाशला म्हटलं, ताईच्या फोनवरून मला एक मिस्ड कॉल दे, टेस्टिंग आहे. तो म्हणाला, "दाजी, असलं काय सांगू नका ना. ताई बोलणार नाय आता. तुम्ही थोडं थांबा."

थोडं म्हणजे किती ते विचारायचं राहिलं. आठ दिवस धरतो.

सव्वापाचला स्टोअरमध्ये अजूनही दोघे-तिघे येऊन थांबतात. फोन वाजत नाही. मग जातात.

१ फेब्रुवारी, शुक्रवार. सुट्टी. आठ दिवस उद्या-परवा होतात.

घरात आवाज नाही. टीव्ही लावून बघितला, त्याचा उपयोग होत नाही.

फोनमध्ये दोनशे बारा आवाज आहेत. बसून सगळे तपासले. उंट आहे. दरवाजा करकरतो तो आहे. तीन प्रकारची शिंक आहे. मायाचा एकही नाही. रेकॉर्डिंगचं बटण याच फोनला आहे, मी वॉचमनचा खोकलासुद्धा रेकॉर्ड करून ठेवलाय. पण ती सकाळी हाक मारायची, "अहो, पाणी काढलंय", ते घ्यावं असं कधी मनात आलं नाही. रोजच तर ऐकत होतो.

संध्याकाळी सायबर कॅफेत गेलो. तासभर शोधलं. बायकांचे आवाज पुष्कळ आहेत, सगळे बारीक. एक जरा जवळचा निघाला, कुठल्यातरी परदेशी रेडिओवर हवामान सांगणाऱ्या बाईचा. भाषा कळेना. तरी घेतला.

घरी येऊन सहा वेळा ऐकला. तो तसा नाही. तिच्या आवाजात शेवटचं अक्षर थोडं खाली बसतं. रडू आलं. हे लिहायचं नव्हतं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

प्लॅन तयार. माझ्याच आवाजात माफी रेकॉर्ड करायची. समोर बोलताना मी घसरतो, विनोद करून बसतो. रेकॉर्डिंगमध्ये ती भीती नाही.

अकरा वेळा केलं. शेवटचं चांगलं झालं: "माया, मी हसायला नको होतं. माझं चुकलं. घरी ये." तंबाखू न खाता केलं. वासूभाईकडे कॉम्प्युटरवर चढवलं. म्हणालो, मागे थोडं व्हायोलिन टाका. तो म्हणाला, "साईं, आप टेन्शन मत लो, एकदम फर्स्ट क्लास बना के देता हूं." गुरुवारी मिळेल. शुक्रवारी बदलापूर. शनिवारी सकाळचा चहा दोघांचा.

दूध जास्त सांगून ठेवलं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार. सुट्टी.

बदलापूरला गेलो. भिमाबाईंची तब्येत उत्तम आहे. दारात म्हणाल्या, "या, राजेंद्रराव," आणि आत वळून कोणाला हाक मारली नाही. आकाश खुर्ची देऊन बाहेर जाऊन उभा राहिला. माया स्वयंपाकघरात होती. पडदा होता.

बोलण्यात वेळ घालवला नाही. फोन स्टुलावर ठेवला, आवाज फुल केला, क्लिप लावली. व्हायोलिन सुंदर होतं. माझं बोलणंही स्वच्छ आलं. माझं चुकलं. घरी ये. आणि त्यानंतर वीस-पंचवीस माणसं खदाखदा हसली.

वासूभाई कॉमेडी फोल्डरच्या प्रत्येक क्लिपला शेवटी हशा जोडतो. सवयच आहे त्याची. माझी क्लिप त्याने त्याच फोल्डरमध्ये बनवली. मी घरी पूर्ण ऐकून बघायला हवी होती. पण स्वतःची माफी किती वेळा ऐकणार? मी 'ये' पर्यंत ऐकून बंद करायचो.

बटण लवकर सापडेना. हशा बराच वेळ चालला.

भिमाबाईंनी चहा दिला. पडद्याआड भांड्याचा आवाज आला नाही, म्हणजे ती लक्ष देऊन ऐकत होती. ही जमेची बाजू.

नाही. जमेची वगैरे काही नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सगळा फोल्डर उडवला. 'खरंच काढायचं का?' असं फोनने विचारलं. हो म्हटलं. सगळ्यांना साधी ट्रिंग ट्रिंग.

दुपारी नाथाने मागून येऊन फोन उघडून बघितला आणि विचारलं, "कार्ड करप्ट झालं काय रे?" मी हो म्हणालो. तो गेला. सव्वापाचला टेबलाजवळ कोणीही नव्हतं. सहा वर्षांच्या जुन्या जागी पुन्हा आलो.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार. सुट्टी.

माया आली होती, आकाशला घेऊन. बाकीचे कपडे आणि दाखले घ्यायला. कल्याणला एका शाळेच्या ऑफिसात काम मिळतंय तिला. फोन उचलायचं काम आहे, दिवसभर बोलायचं. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, आवाज भारदस्त आहे, घ्या हिला. हे तिने मला सांगितलं नाही, जिन्यात आकाशने सांगितलं.

मी पुष्कळ ठरवलं होतं. आयत्या वेळी एवढंच म्हणालो की, तुझ्या नंबराला आता साधी रिंग आहे. ती साड्यांच्या घड्या करत होती. बरं म्हणाली. मग मी विचारलं, तू मला काय लावलं होतंस? चार वर्षांत हे विचारलं नव्हतं. तिने तिचा फोन माझ्या हातात दिला.

नावं बघितली. आई, आकाश, गॅसवाला, विहारातल्या सुंदराबाई. मी कुठेच नाही. पुन्हा वरून खालपर्यंत बघितली. म्हणालो, काढून टाकलंस ना? बरोबर केलंस.

"काढायला होतं कुठे?" माया म्हणाली. त्याच आवाजात, शेवटचं अक्षर खाली बसवून. "तुमचा नंबर पाठ होता. दर वेळी दहाच्या दहा आकडे दाबायचे. फोनमधलं काढता येतं हो. पाठ झालेलं कसं काढायचं, तेवढं सांगा."

मी म्हणालो, विचारून सांगतो.

ती पिशव्या उचलून खाली गेली. कोणाला विचारायचं ते संध्याकाळपासून आठवतोय. असं कोणी माझ्या ओळखीत नाही.